वेदनाशामक गोळ्या आणि घरचा पेशंट : आमच्या सिस्टर इतके प्रश्न का विचारतात?

घरपोच नर्सिंग सेवा, नागपूर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिल्या दिवशी घरी आल्या की आमच्या सिस्टर आधी औषधं मागतात. डिस्चार्ज कार्डावरची तर हवीतच, शिवाय फ्रिजवरच्या टोपलीतली, आजींच्या उशीखालची आणि मेडिकलवाल्याने ‘अंगदुखीवर’ म्हणून दिलेली सुटी गोळीसुद्धा. काहींना ही झडती वाटते. वाटू द्या, पण दाखवा.

ऑपरेशननंतर, हाड मोडल्यावर किंवा गुडघेदुखीत घरी चालणाऱ्या गोळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक पॅरासिटामॉल. दुसरा गट आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक यांचा. ट्रामाडॉल या तीव्र वेदनाशामकाची लागते तशी यांची सवय लागत नाही, म्हणून लोक त्या चणे-फुटाण्यासारख्या खातात. घोळ तिथेच होतो.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल 24 तासांत 4000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर हवं. वय जास्त, वजन कमी, लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टर ही मर्यादा आणखी खाली आणतात. आता हिशेब बघा. डोलो 650 दिवसातून चारदा, म्हणजे 2600. कंबरेसाठी झिरोडॉल पी दोनदा. त्यातही प्रत्येकी 325 पॅरासिटामॉल असतं, झाले 3250. वर सर्दी झाली म्हणून 500 पॅरासिटामॉल असलेल्या दोन गोळ्या. एकूण 4250! कोणी मुद्दाम जास्त दिलं नाही. एक गोळी सुनेने दिली, एक मुलाने, एक काकांनी स्वतःच घेतली. जादा पॅरासिटामॉल झालेला माणूस पहिल्या दिवशी जवळपास ठीक दिसतो, फार तर मळमळतं. लिव्हरला झालेली इजा दोन-तीन दिवसांनी कळते. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. ‘सकाळी बघू’ इथे चालत नाही.

दुसऱ्या गटाच्या गोळ्या पोटात दोन घास गेल्यावरच. आदल्या रात्री सावजी रस्सा झाला असेल तर तेही सिस्टरला सांगा, त्या रागावणार नाहीत. (बहुधा.) या गोळ्यांनी पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं, म्हणून त्या रोज शौचाचा रंग विचारतात. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली की लगेच फोन करा. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, म्हणून त्याही चालू आहेत का, हे विचारलं जाईल. दमा असलेल्यांना या गोळ्यांनी धाप लागू शकते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही गोळी नको.

नागपुरात आम्हाला सगळ्यात जास्त काळजी किडनीची, तीही मे महिन्यात. पारा 45 च्या आसपास, कूलर चालू असला तरी अंगातलं पाणी कमी झालेलं, आजोबांना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी. त्यात डायक्लोफिनॅक पडली की किडनीचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी आवळला जातो. लघवी किती वेळा, किती झाली, हे सिस्टर चार्टवर लिहितात ते यासाठी. पायावर सूज, एकदम वाढलेलं वजन किंवा बीपी दिसलं की पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन लावतात.

पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, ॲस्पिरिन नको; रक्तस्रावाचा धोका वाढतो. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली इकोस्प्रिन 75 (हीही ॲस्पिरिनच) आपल्या मनाने बंद करू नका, ताप आला की त्यांनाच विचारा.

गोळी देण्याआधी आणि साधारण तासाभराने दुखणं शून्य ते दहात किती, हे विचारलं जातं. ‘थोडंसं’ म्हणणाऱ्या आजींना कूस बदलायला सांगितलं की खरा आकडा चेहऱ्यावर दिसतो. ताप मोजल्याशिवाय पॅरासिटामॉल देत नाही. टाक्यांमध्ये पू होत असला तरी गोळीने ताप दबतो आणि आपण गाफील राहतो.

लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो. 5 मिलि सिरपमध्ये 120 आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या मिळतात, थेंबांचं औषध त्याहून तीव्र. बाटलीसोबतचं मापच वापरा, चहाचा चमचा नको. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन नाहीच, आणि बारा वर्षांखाली निमेसुलाइड या वेदनाशामकाला 2011 पासून बंदी आहे.

सिस्टर स्वतःहून गोळी बदलत नाहीत, डोस वाढवत नाहीत. रात्री कितीही आग्रह केला तरी नाही; आधी डॉक्टरांना फोन.

रक्ताची उलटी, धाप, चेहरा-ओठ सुजणं, डोळे पिवळे होणं, पेशंट गुंगीत जाणं, दिवसभर लघवी न होणं, किंवा चुकून जास्त गोळ्या पोटात जाणं : यात 108 ला फोन करा, नाहीतर मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. आम्हाला नंतर कळवलं तरी चालेल.