उद्धरण-प्रभाव (सामाजिक शास्त्रे)

एखाद्या संशोधकाच्या लेखनाचा इतरांनी आपल्या लेखनात किती वेळा संदर्भ दिला, यावरून त्याच्या कामाचे वजन ठरवण्याची पद्धत. स्टाफरूममध्ये ‘सायटेशन’ म्हणतात. ‘उद्धरण’ हा शब्द कागदोपत्रीच भेटतो.

अशा मोजणीचा पाया फिलाडेल्फियाच्या युजीन गारफील्ड यांनी घातला. १९६०च्या दशकात त्यांच्या संस्थेने विज्ञानातील उद्धरणांची सूची काढली, १९७३ मध्ये सामाजिक शास्त्रांची. पुढे २००४ मध्ये स्कोपस आणि गूगल स्कॉलर ही उद्धरणे मोजणारी संकेतस्थळे आली. २००५ मध्ये होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला: ज्याच्या किमान ‘एच’ निबंधांना प्रत्येकी किमान ‘एच’ उद्धरणे मिळाली, अशी सर्वांत मोठी संख्या. हिर्श भौतिकशास्त्रज्ञ आहेत, सामाजिक शास्त्रज्ञ नव्हेत, हे विसरून चालत नाही.

एच-निर्देशांक हाताने काढता येतो. समजा, नाशिकच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचे दहा शोधनिबंध आहेत. लासलगावच्या कांदा बाजारावरच्या निबंधाला ३१ उद्धरणे, निफाडच्या द्राक्षमळ्यांतील मजुरीवरच्या निबंधाला १४ आणि उरलेल्यांना ९, ६, ५, ३, २, १, ०, ०. उतरत्या क्रमाने मोजत गेले की पाचव्या निबंधाला ५ उद्धरणे भरतात, सहाव्याला सहा हवीत तर तीनच आहेत. म्हणजे एच ५. कांद्यावरच्या निबंधाची उद्धरणे उद्या ३०० झाली तरी एच पाचच राहील. गूगल स्कॉलरचा आय-१० हा दहा किंवा अधिक उद्धरणे असलेले निबंध मोजतो. बाईंचा आय-१० दोन.

या आकड्यांची खरी अडचण भाषेची आहे. काळाराम मंदिराच्या १९३०च्या सत्याग्रहावर काम करणाऱ्याची साधने मराठी वर्तमानपत्रांत असतात, वाचकही बहुतेक मराठी. त्याचा निबंध ‘समाज प्रबोधन पत्रिके’त आला आणि पुढे कोणी मराठी ग्रंथाच्या तळटीपेत त्याचा उल्लेख केला, तर ते उद्धरण स्कोपसच्या मोजणीत क्वचितच उतरते. अर्थशास्त्रातील ‘अर्थसंवाद’चीही तीच गत. गंगापूर धरणाजवळच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची (स्थापना १९८९) स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तके घेऊन गावोगावचे विद्यार्थी परीक्षेला बसतात. पण विद्यार्थी उत्तरपत्रिकेत तळटीप देत नाही, म्हणून ती पुस्तके लिहिणाऱ्याच्या खाती शून्य. सर्वाधिक वाचले गेलेले लेखन सर्वांत कमी मोजले जावे, हा प्रकार चमत्कारिकच आहे.

वेळेचा हिशेबही वेगळा. संशोधन पत्रिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ मागच्या दोन वर्षांतील लेखांना यंदा मिळालेल्या उद्धरणांवरून निघतो. समाजशास्त्रातला निबंध दोन वर्षांत जेमतेम लोकांच्या नजरेस येतो. शिवाय उद्धरण म्हणजे पसंती नव्हे. खोडून काढण्यासाठी दिलेला संदर्भही एक म्हणूनच मोजला जातो, आणि स्वतःच स्वतःला दिलेलाही.

भारतात ही मोजणी बढतीशी जोडली गेली ती २०१० नंतर. विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या कामगिरीला ‘एपीआय’ नावाचे गुण देणे सुरू केले आणि प्रत्येक पेपरला भाव आला. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, अशा पत्रिकांचे पेव फुटले. २०१८ मध्ये आयोगाने मान्य यादीतून ४,३०५ पत्रिका एकदम वगळल्या, पुढे निवडक पत्रिकांची ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करून पत्रिका पारखण्याचे काम संस्थांवर सोपवले गेले. आकड्यांवर विसंबण्याविरुद्ध सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा (२०१२) आणि लायडन जाहीरनामा (२०१५) निघाले आहेत. लायडनच्या जाहीरनाम्यात स्थानिक भाषेतील, स्थानिक प्रश्नांवरचे संशोधन जपावे असे स्वतंत्र कलमच आहे.

बारीकसारीक गळतीही पुष्कळ. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेची उद्धरणे दोन नावांत वाटली जातात. त्यावर उपाय म्हणून २०१२ पासून संशोधकाला ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी क्रमांक मिळतो. गावाच्या नावाला मात्र असा क्रमांक नाही. नाशिकचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या लेखांत ‘एच’ शिवाय, नव्यांत ‘एच’ सह. त्यामुळे एकाच शहरावरचे जुने आणि नवे काम शोधायचे तर दोन्ही स्पेलिंगे टाकून पाहावी लागतात, आणि ज्याने एकच टाकले त्याच्या संदर्भसूचीतून दुसऱ्या पिढीचे लेखन सुटण्याचा धोका राहतो.