सिंटिलेशन म्हणजे ठिणगी, पण नक्की कुणाची?

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, रात्री साडेआठला गच्चीवरून काढलेला. आग्नेयेला बिल्डिंगांच्या जरा वर एक ठिपका, भराभर लाल, हिरवा, निळा होतोय, आणि खाली लिहिलेलं, "ड्रोन आहे का एलियन?" झालं, धडाधड मेसेज सुरू. एका काकांनी तर तो शनी आहे असं ठरवून साडेसाती कुणाला आहे तेही सांगून टाकलं. तो व्याध होता हो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, डिसेंबरात त्या वेळेला नुकताच उगवलेला असतो. आणि शनी असा लुकलुकत नाही, का ते येतंच पुढे.

मराठीत तारा लुकलुकतो, दिवा मिणमिणतो, दागिना लखलखतो. इंग्रजीत ताऱ्यासाठी ट्विंकल आपल्याला बालवाडीपासून पाठ, पण शास्त्रज्ञ मंडळी म्हणतात सिंटिलेशन. लॅटिनमध्ये स्किंटिल्ला म्हणजे ठिणगी. लोकांच्या तोंडी त्यातल्या क आणि त नी जागा बदलल्या, आपण चिकटणंचं चिटकणं करतो ना, अगदी तसंच. या उलट्यापालट्या रूपातून फ्रेंचमधला ठिणगीचा शब्द आला, एतँसेल, आणि तिथून इंग्रजीत टिन्सेल, म्हणजे ख्रिसमस ट्रीला गुंडाळतात ती चकचकीत माळ. स्टेन्सिल पण त्याच घरातला, कारण मूळ क्रियापदाचा अर्थ चमकत्या रंगांनी सजवणं असा होता. म्हणजे ट्रकवर नंबर रंगवायचा पत्रा आणि व्याधाचं लुकलुकणं हे लांबचे चुलतभाऊ निघाले!

आता माझा आवडता भाग. भर उन्हात पाण्याच्या हौदाचा तळ बघितलाय? पाणी जरा हललं की तळावर उजेडाची जाळी पळायला लागते, कारण पाण्याचा प्रत्येक उंचवटा छोट्या भिंगासारखा वागतो, काही ठिकाणी प्रकाश गोळा करतो आणि शेजारी अंधारी फट सोडतो. आपण सगळे अशाच एका हौदाच्या तळाशी उभे आहोत, फक्त पाण्याऐवजी हवा आहे. गरम आणि गार हवेचे गोळे एकमेकांत मिसळत असतात, तापमान बदललं की घनता बदलते आणि घनता बदलली की प्रकाश किती वळणार तेही बदलतं. एक डिग्रीला हा फरक दहा लाखात एक इतकाच पडतो, पण प्रकाशाला कित्येक किलोमीटर हवा पार करायची असते त्यामुळे तेवढा पुरतो. या जाळीचं एक घर केवढं? प्रकाशाची तरंगलांबी गुणिले हवेच्या थराची उंची आणि त्याचं वर्गमूळ. ५०० नॅनोमीटर आणि १० किलोमीटर धरा, उत्तर येतं साधारण ७ सेंटिमीटर. आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात मोठी झाली तरी ६-७ मिलिमीटर. वाऱ्याबरोबर जाळी सरकते, डोळ्यावर कधी उजेडाची रेघ येते कधी फट, आणि आपण म्हणतो तारा लुकलुकला. ताऱ्याला काही पत्ताच नाही!

मग शनी, गुरू का नाही? तारा इतका लांब की तो एक बिंदूच. व्याधाची तबकडी आपल्याला ६ मिलीआर्कसेकंदांची दिसते (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद, त्याचा हजारावा भाग मिलीआर्कसेकंद), त्यामुळे तिच्या दोन कडांपासून आलेल्या जाळ्या एकमेकींपासून जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर सरकलेल्या, म्हणजे एकीवर एक बसल्यातच जमा. गुरू ४० आर्कसेकंदांचा धरला तर हेच अंतर जवळपास २ मीटर होतं. सात सेंटिमीटरच्या जाळ्या दोन मीटरपर्यंत इकडेतिकडे सरकवून एकमेकींवर टाकल्या की नक्षी पुसून जाते आणि गुरू शांत दिसतो. शनी याहून लहान दिसतो पण हिशोब तोच. (इथे डोकं गरगरलं असेल तर हौदाकडे परत जा, मी तरी तेच करतो.) आणि व्याधाचे रंग? तो क्षितिजाजवळ असताना हवा प्रिझमसारखी लाल आणि निळ्या प्रकाशाच्या वाटा थोड्या वेगळ्या करते, त्यामुळे लाल एका गोळ्यातून जातो, निळा दुसऱ्यातून, आणि दोघं आपापल्या तालावर लुकलुकतात.

म्हणजे लुकलुकणं हे आकार लहान असल्याचं लक्षण, आणि याचाच फायदा केंब्रिजच्या अँटनी ह्युईश यांनी घेतला. सूर्यातून वाहणारा सौरवारा रेडिओ लहरींना असाच लुकलुकवतो, तेव्हा लुकलुकणारे रेडिओ स्रोत शोधले की लहान दिसणारे क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगांचे झगझगीत गाभे, हाती लागणार. त्यासाठी साडेचार एकरांवर खांब ठोकून आणि धातूच्या तारा ताणून अँटेना उभारली आणि १९६७ मध्ये तिच्या नोंदींच्या कागदावर जोसलिन बेल या विद्यार्थिनीला भलतंच काही दिसलं, दर १.३३७ सेकंदाला येणारी टिकटिक. पहिला पल्सार, म्हणजे गरगर फिरत रेडिओचे ठोके देणारा मेलेल्या ताऱ्याचा गाभा! इथे मात्र मूळ स्रोतच ठोके देत होता. १९७४ चं नोबेल ह्युईश आणि त्यांचे केंब्रिजचेच सहकारी मार्टिन राईल यांना मिळालं, बेलबाईंना नाही, आणि ते मला अजून खटकतं. आपल्याकडे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या टीमने उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण बांधली, तिने सौरवाऱ्यामुळे होणारं हेच लुकलुकणं कित्येक वर्षं मोजलं. याच स्वरूप साहेबांनी पुढे नारायणगावजवळ खोडदला ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली.

पण सिंटिलेशनचा दुसरा अर्थ एकदम वेगळा आहे आणि तिथे खरोखरच ठिणगी पडते. १९०३ मध्ये विल्यम क्रुक्स यांना झिंक सल्फाइडच्या पडद्याजवळ रेडियम आणलं की भिंगातून बारीक बारीक ठिणग्या दिसल्या, रेडियममधून सुटलेला एकेक अल्फा कण आदळला की एक. त्यांनी त्या उपकरणाला स्पिंथॅरिस्कोप नाव दिलं, तेही ठिणगीच्या ग्रीक शब्दावरून. पुढे रदरफर्डच्या लॅबमध्ये गायगर आणि मार्सडेन काळोखात डोळे सरावू द्यायचे आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावून अशा ठिणग्या मोजत बसायचे. १९०९ मध्ये त्यांना दिसलं की साधारण ८००० मधला एक कण धातूच्या पत्र्यावरून उलटा फिरतो, आणि त्यातूनच रदरफर्डला अणूचं केंद्रक सापडलं.

मागे मावशीच्या रिपोर्टवर "बोन सिंटिग्राफी" असं लिहिलेलं होतं. ती घाबरून म्हणाली, हे काय रे नवीन? म्हटलं, अगं तुला टेक्नेशियम या किरणोत्सारी पदार्थाचं इंजेक्शन दिलं, ते हाडात जाऊन बसलं, तिथून गॅमा किरण निघाले आणि वरच्या कॅमेऱ्यातल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर आदळले, दर वेळी एक ठिणगी, त्या मोजून हा फोटो झालाय. ती म्हणाली, म्हणजे अंगात अजून आहे का ते? म्हटलं, दर सहा तासांनी अर्धं होतं, आणि काल सकाळी दिलेलंय.