बोर्ड करण्याआधी शेजारच्या दुकानात डोकावून या
(आमच्या दुकानदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नवीन बोर्ड करायला येणारे बहुतेक ग्राहक पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोलतातच: "शेजारच्यापेक्षा जरा मोठा करा." आम्ही चौरस फुटावर पैसे घेतो, त्यामुळे या वाक्याने आमचे नुकसान काहीच नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांनी तोच शेजारी येऊन तेच वाक्य बोलतो, तेव्हा तर नाहीच नाही. तरीही हे पत्रक छापले आहे. कारण जुने बोर्ड उतरवायलाही आम्हीच जातो, आणि शिडीवरून समोरची रांग बघताना दर वेळी जाणवते की एवढा खर्च करून त्या रांगेतला एकही बोर्ड धड वाचता येत नाही.

खात्री करायची असेल तर एक करा. आपल्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, डोळे मिटा, उघडा आणि तीन आकडे मोजेपर्यंत किती दुकानांची नावे वाचता येतात ते बघा. ही तुमची रोजची रांग आहे, नावे तोंडपाठ आहेत, म्हणून चार-पाच वाचाल. बाहेरून आलेल्या माणसाला दोन वाचता आली तरी खूप. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जाते. म्हणजे गाडीतल्या माणसासमोरून एका सेकंदात तीन-चार दुकाने सरकून जातात. त्यात तुमच्या बोर्डावर नाव, मालकाचे नाव, पाच फोन नंबर, सात कंपन्यांचे लोगो आणि "आमच्याकडे खालील सर्व सेवा मिळतील" ही यादी. वाचणार कोण?

ही चढाओढ काही आजची नाही. लंडनमध्ये एके काळी दुकानांच्या पाट्या लोखंडी दांड्यावरून रस्त्यावर आडव्या टांगलेल्या असत. प्रत्येकाला आपली पाटी शेजाऱ्याच्या पुढे हवी, म्हणून दांडे लांबत गेले आणि पाट्या जड होत गेल्या. १७१८ मध्ये फ्लीट स्ट्रीटजवळ अशा एका पाटीच्या ओझ्याने घराची दर्शनी भिंतच खाली आली आणि चार माणसे दगावली. पुढे १७६२ पासून पाट्या भिंतीला सपाट लावण्याचे हुकूम निघाले. एकट्या दुकानदाराने पाटी मागे घेतली असती तर तोच झाकला गेला असता. सगळ्यांनी एकदम घेतल्यावर कोणाचे काहीच जात नाही. बोर्डाची मापे रांगेने मिळून ठरवावीत, हे आमचे सगळे म्हणणे या एका गोष्टीत आले.

काय ठरवायचे, काय मोकळे सोडायचे

इथे आमची स्वतःची एक चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका रांगेतल्या नऊ दुकानदारांनी मिळून काम दिले. आम्हाला उत्साह आला. सगळ्यांना एकच गडद निळी पार्श्वभूमी, एकच अक्षर आणि एकच पांढरा रंग दिला. फोटोत रांग इतकी देखणी दिसत होती की तो फोटो आम्ही बरेच दिवस दाखवत होतो. मग चष्मेवाल्यांचा फोन आला, औषधे मागायला लोक त्यांच्याकडे शिरत होते. शेजारी औषधांचे दुकान होते, आणि लांबून दोन्ही बोर्ड सारखेच दिसत. चार महिन्यांत सहा बोर्डांची अक्षरे आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिली.

तेव्हापासून आम्ही रांगेसाठी फक्त चार गोष्टी एकसारख्या ठेवायला सांगतो. बोर्डाची खालची कड जमिनीपासून किती उंचीवर असेल, बोर्डाची उंची, भिंतीपासून तो किती पुढे येईल, आणि दिव्याच्या प्रकाशाची छटा. रंग, अक्षराचे वळण, चिन्ह, कोणत्या बाजूला काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यातली खालची कड सर्वांत महत्त्वाची, आणि नेमके तिच्याकडेच कोणाचे लक्ष नसते. दहा दुकानांच्या बोर्डांचे रंग दहा असले तरी खालची रेघ एका सुतात असेल तर रांग नीटनेटकी दिसते. उलट रंग एक आणि कडा वरखाली असतील तर ती विस्कटलेलीच दिसते. ही रेघ ठरवताना शटरची पेटी आड येते. कोणाची वर, कोणाची खाली. जी पेटी सर्वांत उंच, तिच्यावरून रेघ काढायची, म्हणजे कोणाचे शटर अडत नाही. पहिले माप आम्ही नेहमी तिथूनच घेतो.

उंचीसाठी आमची शिफारस २ फुटांची आहे, आणि त्यामागे एक साधा हिशेब आहे. एसीपीची (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मध्ये प्लास्टिक असलेली, बोर्डासाठी वापरतात ती) शीट ८ फूट बाय ४ फूट येते. २ फुटांचा बोर्ड असेल तर शीटचे बरोबर दोन तुकडे होतात आणि काही वाया जात नाही. (काठ दुमडल्यावर दर्शनी भाग साधारण २२ इंच उरतो.) तुम्ही अडीच फूट म्हणालात की दीड फुटाची पट्टी उरते. ती दुसऱ्या कामात क्वचितच बसते आणि बिलात मात्र धरलेली असते. म्हणजे सहा इंचांच्या हौसेसाठी तुम्ही कोपऱ्यात पडून राहणाऱ्या पट्टीचे पैसे भरता.

बोर्ड लहान केला तर दिसणार नाही, ही भीती रास्त आहे. पण दिसायची असतात ती अक्षरे. आमच्या धंद्यात ढोबळ नियम आहे: दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचे अक्षर आरामात वाचता येते. ४० फूट रुंद रस्त्याच्या पलीकडून वाचायला ४ इंच पुरतात, आणि २२ इंचांच्या बोर्डावर ८ इंचांचे अक्षर सहज बसते. देवनागरीत मात्र माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे धरा. वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार यांना वेगळी जागा लागते. बरेच डिझायनर इंग्रजी अक्षराच्या मापात मराठी नाव कोंबतात. मग मात्रा बोर्डाच्या वरच्या कडेला टेकते आणि "कृ"चा ऋकार फ्रेमखाली जातो. जोडाक्षरे असलेल्या नावांना तर अक्षर थोडे लहान आणि भोवती मोकळीक जास्त, असेच करावे लागते. बोर्डाचा तिसरा हिस्सा तरी कोरा ठेवा. "एवढी जागा फुकट कशाला सोडायची?" हा प्रश्न आम्हाला रोज ऐकू येतो. त्या कोऱ्या जागेमुळेच नाव उठून दिसते.

दिवे

रात्रीची भांडणे दिवसापेक्षा जास्त. एकाचा बोर्ड पांढराशुभ्र झगझगतो, शेजारचा पिवळसर, तिसऱ्याचा लुकलुकतो, आणि वरच्या मजल्यावर राहणारे पडदे ओढून बसतात. पूर्ण पार्श्वभूमी उजळणारा ग्लोसाइन आम्ही आता शक्यतो सुचवत नाही. पांढऱ्या प्रकाशात काळी अक्षरे विरघळल्यासारखी होतात, त्यापेक्षा फक्त अक्षरे उजळली तर लांबून स्वच्छ वाचता येतात आणि एलईडी मॉड्यूलही कमी लागतात. छटा सगळ्यांनी मिळून ३००० ते ४००० केल्विनमधली एक निवडावी (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर). ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दुकानाच्या आत ठीक असतो, बोर्डाला नको. एसएमपीएस (दिव्यांना लागणारी वीज पुरवणारा डबा) बंदिस्त पेटीत आणि हात पोचेल असा ठेवतो, कारण बिघडतो तोच.

वारा आणि जुने सांगाडे

बोर्डावर समोरून येणारा वारा किती दाब देतो, याचा अंदाज फार थोड्यांना असतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला साधारण २४ किलो भार येतो. १० फूट बाय ३ फुटांच्या बोर्डावर तो सुमारे ६८ किलो होतो, म्हणजे एक मोठा माणूस बोर्डाला लोंबकळल्यासारखे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा भार चौपट होतो. तोच बोर्ड २ फूट उंच असेल तर सुरुवातीचा भार ४५ किलोंवर येतो. म्हणून बोर्ड विटेच्या सांध्यात खिळे ठोकून लावायला आम्ही नकार देतो. भिंत कच्ची असेल तर आधी लोखंडी अँगलचा सांगाडा, मग बोर्ड.

जुन्या बोर्डावरच नवा ठोकायची सवय सोडा. एका दुकानावरून आम्ही एकाखाली एक असे चार बोर्ड काढले. सर्वांत आतला हाताने रंगवलेला पत्र्याचा होता, आणि चौघांतला वाचायला सर्वांत सोपा तोच होता. मालकांनी तो घरी नेला.

फ्लेक्सबद्दल थोडक्यात: तात्पुरत्या जाहिरातीपुरता ठीक. कायमच्या बोर्डाला वापरलात तर उन्हात आधी लाल आणि पिवळा उडतो आणि उरतो तो निळसर चेहरा. शिवाय तो पीव्हीसीचा असतो, फाटल्यावर त्याचे पुढे काय करायचे हा प्रश्नच असतो.

सगळे तयार होत नाहीत

होणारही नाहीत. त्यासाठी थांबू नका. रांगेतली सलग तीन दुकाने तयार असली तरी फरक दिसतो, आणि बाकीच्यांना पटवायचे काम तो फरकच करतो. मोठ्या साखळीच्या शाखा "आमचा रंग वरून ठरतो" म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. ऑस्ट्रियात साल्झबर्गच्या गेट्रायडेगासे या जुन्या गल्लीत मॅकडॉनल्ड्सचीही पाटी इतरांसारखी घडीव लोखंडाची आहे. जपानच्या क्योटो शहराने २००७ मध्ये छतांवरच्या आणि लुकलुकणाऱ्या जाहिराती बंद केल्या, तिथेही मोठ्या कंपन्यांनी आपले भडक रंग उतरवले. रांगेने एकमुखाने मागितले तर वरचे लोक ऐकतात.

ब्राझीलमधील साओ पाउलोने २००७ च्या १ जानेवारीपासून होर्डिंग पूर्ण बंद केली आणि दुकानाच्या पाटीचे माप दर्शनी रुंदीवरून ठरवले: १० मीटरपेक्षा कमी रुंदीला दीड चौरस मीटर, त्यापुढे १०० मीटरपर्यंत ४ चौरस मीटर. तो कायद्याचा बडगा होता, आणि आमच्या मते बडग्याने रांग सरळ होते, पण जिवंत राहतेच असे नाही. अमेरिकेत १९७७ मध्ये तीन लहान गावांच्या बाजारपेठा सावरायचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा प्रत्येक गावात दुकानदारांशी रोज बोलणारा एक पूर्णवेळ माणूस नेमला होता. १९८० मध्ये त्याचे देशव्यापी केंद्र झाले. तुमच्या रांगेला पगारी माणूस परवडणार नाही, पण पुढाकार घेणारा एक जण हवाच. तो शक्यतो सर्वांत मोठ्या दुकानाचा मालक नसावा. लहान दुकानदाराचे बोलणे लोक संशय न घेता ऐकतात.

आमच्याकडे येताना

रांगेचा फोटो समोरून, सरळ उभे राहून काढा. एका फोटोत मावत नसेल तर दोन-दोन पावले सरकत तुकड्यांत काढा, आम्ही जोडून घेतो. त्यावर नवे बोर्ड बसवून चित्र करून देतो. ते पसंत पडले तरी लगेच ऑर्डर देऊ नका. जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून खऱ्या मापाची पट्टी करा, दोघांनी ती ठरलेल्या उंचीवर धरा आणि रांगेतल्या सगळ्यांनी पलीकडून बघा. बरेच वाद तिथेच मिटतात, काही नवे निघतात. ते बोर्ड बनण्याआधी निघालेले बरे.

जागामालकाची संमती आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी प्रत्येकाने आपापली घ्यायची आहे. फूटपाथवर बाहेर येणारी पाटी असेल तर तिची खालची कड किमान ८ फुटांवर ठेवा, आणि तुमच्याकडचा नियम त्याहून कडक असेल तर तो पाळा.

तीन किंवा अधिक दुकानांचे काम एकत्र आले तर परांची एकदाच बांधली जाते, वायरमन एकदाच येतो आणि शीटचे तुकडे एकमेकांच्या कामात बसतात. ही बचत आम्ही प्रत्येकाच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवतो. फोटो दोन आणा: एक शटर उघडे असताना, एक बंद असताना. शटर बंद असलेलाच बहुतेक जण विसरतात, आणि रेघ त्याच्यावरूनच काढायची असते.