गाडीच्या बॅटरीवर व्हॉल्व्हचा रेडिओ : ६.३ हा आकडा आला कुठून?

१९५० च्या दशकातला जुना फिलिप्स रेडिओ उघडला की व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधी तेच काम करणाऱ्या काचेच्या नळीच्या) काचेवर ईसीएच८१, ईएल८४ अशी नावं दिसतात. युरोपीय नामपद्धतीत पहिलं 'ई' म्हणजे हीटरला, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारेला, ६.३ व्होल्ट. सहा नाही, साडेसहा नाही, ६.३ च का? लेड-ॲसिड बॅटरीचा भरलेला एक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो आणि त्या काळच्या मोटारींत असे तीन सेल असत. असा सेट आज कोणी गाडीच्या बॅटरीवर लावला तर लोकांना तो उपद्व्याप वाटतो. खरं तर व्हॉल्व्हचं ते माहेर.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या घरगुती रेडिओला तीन बॅटऱ्या लागत : 'ए' फिलामेंट म्हणजे व्हॉल्व्हमधली तार तापवायला, 'बी' प्लेटला (तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन खेचणारा पत्रा), 'सी' ग्रिडला (त्यांच्या वाटेतली, प्रवाह कमीजास्त करणारी जाळी). 'ए'साठी लोक सरळ मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी दिवाणखान्यात आणून ठेवत. २०१-ए या लोकप्रिय व्हॉल्व्हला ५ व्होल्ट पुरत, वरचा व्होल्ट रिओस्टॅट (कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) खाई. (गालिच्याला ॲसिडची भोकं पडत, ती वेगळीच.) खरी डोकेदुखी 'बी'ची. प्लेटला ९० किंवा त्याहून जास्त व्होल्ट हवेत. कोरड्या सेलचा तो गठ्ठा महाग, आणि संपला की फेकून द्यायचा.

१९३० मध्ये गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' नावाने मोटारीतला रेडिओ बाजारात आणला, तरी 'बी'चं ओझं सुटलं नव्हतं. पुढच्याच वर्षी मोटारीसाठी ६.३ व्होल्टचे व्हॉल्व्ह आले आणि हळूहळू घरच्या सेटांतही तोच आकडा रुळला. 'बी'ला उतारा मिळाला तो व्हायब्रेटरचा.

बॅटरीचा एका दिशेचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरला चालत नाही, तो सतत तोडावा लागतो. म्हणून पत्र्याच्या डबीत एक पोलादी पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरते आणि ट्रान्सफॉर्मरच्या कधी या, कधी त्या अर्ध्या वेटोळ्यात प्रवाह सोडते. दुसऱ्या बाजूला दोनेकशे व्होल्ट निघतात, ते परत एका दिशेचे (डीसी) करून प्लेटला द्यायचे. रेडिओ लावला की आधी ही गुणगुण कानावर येई. ती दाबायला डबीला आतून रबराचं अस्तर. पट्टीचे पॉइंट जळत, चिकटत. ट्रान्सफॉर्मरवरचा बफर कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या आवरणारा) गळका, म्हणजे करंट झिरपू देणारा, असेल तर नवा व्हायब्रेटरही टिकत नाही. तेव्हा आधी तो कंडेन्सर बदलावा, मग बाकीचं बघावं.

आपल्याकडे मोटार नसलेल्यांनाही ही बॅटरी लागे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं चालवली. वीज पोचलेली गावं तेव्हा मोजकीच. अशा गावात रेडिओ ऐकायचा तर एक तर १.४ व्होल्टच्या, 'डी'ने नाव सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हचा सेट आणि ९० व्होल्टचा कोरडा पॅक, नाहीतर व्हायब्रेटरचा सेट आणि चार्जिंगसाठी बॅटरीची ने-आण.

त्याच सुमारास अमेरिकेत मोटारी १२ व्होल्टवर गेल्या. प्लेटलाही १२ व्होल्टच पुरतील असे व्हॉल्व्ह निघाले, आवाजाचं काम ट्रान्झिस्टरने उचललं आणि व्हायब्रेटरची गरज संपली.

आजच्या १२ व्होल्टवर जुना सेट लावताना ६.३ चे दोन हीटर एकामागे एक जोडायचा मोह होतो. जोडी समान करंटची हवी. ईसीएच८१ ला ०.३ अँपिअर लागतो, ईएल८४ ला ०.७६. ही दोघं नुसती एका सरीत जोडली तर जास्तीचे व्होल्ट ईसीएच८१ च्या वाट्याला येतात आणि तो जळतो. त्याला समांतर रेझिस्टर जोडून फरकाचा करंट बाजूने काढावा लागतो.