आयोवाआधीचे आकडे

२० डिसेंबर १९९१. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. विमानतळावर भाड्याने घेतलेले विमान सज्ज उभे होते. गव्हर्नर मारिओ कुओमो त्यात बसून न्यू हॅम्पशायरला जातील आणि संध्याकाळच्या मुदतीआधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनी निवडायच्या निवडणुकीचा, अर्ज भरतील, अशी सगळ्यांची अटकळ होती. मुदत संपत आली तेव्हा कुओमो पत्रकारांसमोर आले आणि राज्याचा अर्थसंकल्प अडकला आहे, मी उभा राहत नाही, असे सांगून मोकळे झाले. विमान जागचे हलले नाही. त्या वर्षी कुओमोंचे नाव ज्या जनमत चाचणीत घातले जाई, तिच्यात ते बहुधा पहिले येत. म्हणजे शर्यतीत सगळ्यात पुढे असलेला माणूस शर्यतीत उतरलाच नाही. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एक आकडी टक्क्यांत रेंगाळणारे आर्कान्सॉचे बिल क्लिंटन वर्षभराने अध्यक्ष म्हणून निवडून आले.

अमेरिकेतल्या चाचण्यांच्या बातम्या मराठीत येतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकल्या जातात. नोव्हेंबरातली मुख्य लढत आणि त्याआधीची पक्षांतर्गत प्रायमरी यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे तिकीट वरून येते, त्यामुळे प्रायमरी ही चीज अंगवळणी पडलेली नाही. मुख्य लढतीत मतदाराला उमेदवाराबद्दल काही ठाऊक नसले तरी त्याचा पक्ष ठाऊक असतो आणि बहुतेकांचे मत तिथेच ठरते. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे, विचारांत उन्नीस-बीसचा फरक. आज एकाला पसंती देणारा महिन्याभराने दुसऱ्याकडे गेला तर त्याला आपण काही बदललो असे वाटतही नाही.

त्यात प्रश्न असा विचारतात: निवडणूक आज झाली तर कोणाला मत द्याल? निवडणूक आज नसते, आठ-दहा महिन्यांनी असते. फोन उचलणाऱ्याने त्यावर विचार केलेला नसतो. तो यादीतले ओळखीचे नाव घेतो. १९९९ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज बुश चाचण्यांत पुढे होते तेव्हा काही जण त्यांना त्यांचे वडीलच समजत असल्याचे दिसले होते!

जॉर्ज गॅलप यांनी १९३५ मध्ये जनमत चाचण्यांची आपली संस्था काढली आणि पाचच वर्षांत या खेळाचा पहिला मोठा नमुना पाहायला मिळाला. ८ मे १९४०च्या गॅलप चाचणीत रिपब्लिकन मतदारांपैकी ६७ टक्के टॉमस ड्यूई यांच्या बाजूने होते. वीज कंपनीतून आलेले, कधीही निवडणूक न लढवलेले वेंडेल विल्की होते ३ टक्क्यांवर. दोनच दिवसांनी हिटलरच्या फौजा फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंडवर तुटून पडल्या. सरकारी वकील म्हणून गाजलेले अडतीस वर्षांचे ड्यूई युद्धाच्या काळात एकाएकी कोवळे वाटू लागले. जूनअखेरीस पक्षाच्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात मतदानाच्या सहाव्या फेरीअंती उमेदवारी मिळाली ती विल्कींना. मेच्या सुरुवातीचा आकडा त्या दिवसापुरता कदाचित बरोबरही असेल. तो दिवस टिकला नाही, एवढेच.

त्या काळी उमेदवार ठरवणे मुख्यतः पक्षाच्या पुढाऱ्यांच्या हाती होते. १९६८ मध्ये ह्युबर्ट हंफ्री एकाही प्रायमरीत न उतरता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलीस तरुण निदर्शकांना बडवत होते आणि आत हे चालले होते. त्या संतापातून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला आणि १९७२ पासून प्रायमरी आणि कॉकस (मतदारांनी सभेत जमून उमेदवार निवडायची पद्धत) यांतले मतदार निर्णायक झाले. आजच्या चाचण्यांचा लहरीपणा मला तरी या बदलाचे अपत्य वाटतो. शे-दीडशे पुढाऱ्यांचे मन आधीच जाणता येई. लाखो मतदारांचे मन आधी जाणायचे तर ते आधी बनलेले असावे लागते.

शिवाय उमेदवार निवडताना सगळी राज्ये एका दिवशी मत देत नाहीत. आधी आयोवा, मग न्यू हॅम्पशायर, मग पुढची, असा क्रम दोन्ही पक्षांत रुळला (डेमोक्रॅट्सनी अलीकडे तो बदलला). पहिल्या राज्यात कोणी अनपेक्षित चमकला की दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तोच, देणग्या त्यालाच, आणि मागे पडलेले गाशा गुंडाळतात. देशपातळीवरची चाचणी मात्र सगळा देश एकाच दिवशी मत देणार असल्यासारखी मोजते. अशी निवडणूक होतच नाही.

नव्या नियमांचा पहिला फायदा ते लिहिणाऱ्यांपैकी एकालाच झाला: १९७२ च्या जानेवारीत चाचण्यांच्या तळाशी असलेले जॉर्ज मॅकगव्हर्न आघाडीच्या एडमंड मस्की यांना मागे टाकून उमेदवार झाले. पण खरा धडा जिमी कार्टर यांनी घेतला. जॉर्जियाचे हे माजी गव्हर्नर, शेंगदाण्याचे शेतकरी. ‘जिमी कोण?’ हा तेव्हाचा चेष्टेचा विषय होता. १९७६ च्या जानेवारीत गॅलपच्या चाचणीत ते ४ टक्क्यांवर होते. ते आयोवात गावोगाव हिंडले, लोकांच्या घरी मुक्काम केला. १९ जानेवारीच्या कॉकसमध्ये सर्वाधिक ३७ टक्के मते ‘अजून ठरलेले नाही’ या पर्यायाला पडली. कार्टर सुमारे २८ टक्के मिळवून दुसरे, पण माणसांमध्ये पहिले. वर्तमानपत्रांनी तेवढेच उचलले.

चार वर्षांनी हाच न्याय उलट्या दिशेने फिरला. १९७९ च्या उन्हाळ्यात कार्टर अध्यक्ष होते, पण पक्षातल्याच एडवर्ड केनेडींपुढे चाचण्यांत साधारण एकास दोन असे मागे. ४ नोव्हेंबरला सीबीएस वाहिनीवर केनेडींची मुलाखत दाखवली गेली. रॉजर मड यांनी साधा प्रश्न टाकला: तुम्हाला अध्यक्ष का व्हायचे आहे? केनेडी अडखळले, वाक्ये वाहवत गेली. केनेडी घराण्यातल्या माणसाकडे या प्रश्नाचे तयार उत्तर नसावे, हे बघणाऱ्यांना पचले नाही. त्याच दिवशी तेहरानमध्ये अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली गेली आणि ओलीस प्रकरणात देश सुरुवातीला अध्यक्षांच्या पाठीशी उभा राहिला. आयोवात कार्टर ५९, केनेडी ३१. केनेडींनी उमेदवारीची अधिकृत घोषणा केली ती ७ नोव्हेंबरला. म्हणजे घसरगुंडी घोषणेआधीच सुरू झाली होती.

१९८७ च्या सुरुवातीला डेमोक्रॅट्समध्ये पुढे असलेले गॅरी हार्ट मे महिन्यात एका प्रकरणामुळे बाहेर पडले आणि उमेदवारी मायकेल डुकाकिस यांना मिळाली. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. चाचणीला भानगडी आधी कळत नाहीत.

२००३-०४ मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. २००३ च्या सुरुवातीला डेमोक्रॅट्समध्ये जो लिबरमन पुढे होते. २००० साली ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार असल्याने नाव घरोघरी माहीत, एवढेच कारण. वर्षअखेरीस हॉवर्ड डीन यांची लाट आली. २००० मध्ये अध्यक्षपदासाठी लढलेल्या अल गोर यांनीही त्यांना पाठिंबा दिला. जॉन केरी इतके खाली गेले की डिसेंबरात त्यांनी बॉस्टनमधले घर गहाण टाकून प्रचारासाठी ६४ लाख डॉलर उभे केले. १९ जानेवारीला आयोवात केरी ३८, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८. त्या रात्री डीन यांनी कार्यकर्त्यांपुढे मारलेली आरोळी टीव्हीवर शेकडो वेळा वाजली. ती आरोळी त्यांना भोवली असे अजून सांगितले जाते. पण मते तर आधीच पडली होती.

२००७ मध्ये रिपब्लिकनांच्या जवळजवळ सगळ्या चाचण्यांत रुडी जुलियानी पुढे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या वेळचे न्यूयॉर्कचे महापौर. त्यांना कोण ओळखत नव्हते? सुरुवातीची राज्ये सोडून थेट फ्लोरिडावर भर द्यायचा, हा त्यांचा डाव. २९ जानेवारी २००८ ला फ्लोरिडात ते सुमारे १५ टक्के मतांवर तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. एकही राज्य जिंकले नाही. उमेदवारी गेली जॉन मॅकेन यांच्याकडे. त्यांची मोहीम आदल्या जुलैत पैशांअभावी कोलमडली होती. डेमोक्रॅट्समध्ये २००७ च्या ऑक्टोबरात हिलरी क्लिंटन बराक ओबामांपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी पुढे होत्या. ३ जानेवारीला ओबामांनी आयोवा जिंकले. मग पाचच दिवसांनी चाचण्या उलट बाजूने तोंडघशी पडल्या: न्यू हॅम्पशायरमध्ये ओबामा मोठ्या फरकाने जिंकणार असे त्या सांगत होत्या आणि जिंकल्या हिलरी.

एवढा इतिहास पाठ झाल्यावर जाणकार शहाणे झाले, आणि तिथेच फसले. २०१५ च्या जुलैपासून डोनाल्ड ट्रम्प रिपब्लिकन चाचण्यांत पुढे होते. सुरुवातीच्या चाचण्यांना अर्थ नसतो, जुलियानी आठवा, असे ऐकवले गेले. या वेळी चाचण्या खऱ्या निघाल्या. म्हणून मला ‘आधीच्या चाचण्या चुकतातच’ हे म्हणणेही आळशीपणाचे वाटते. त्या कधी चुकतात, कधी जुळतात. कोणत्या जुळतील हे आकड्याकडे बघून सांगता येत नाही, ही खरी अडचण.

आणि हेच आकडे आता दारवानही झाले आहेत. ६ ऑगस्ट २०१५ च्या क्लीव्हलँडमधल्या पहिल्या वादचर्चेत सतरा उमेदवारांपैकी देशव्यापी चाचण्यांच्या सरासरीतले पहिले दहाच मुख्य मंचावर होते. उरलेल्यांना संध्याकाळी लवकर, रिकाम्या प्रेक्षागृहात उरकून घ्यायला सांगितले. लुइझियानाचे गव्हर्नर बॉबी जिंदल त्यांच्यातच होते. दहाव्या-अकराव्यातला फरक चाचणीत जेवढी चूक संभवते तिच्याहून कमी होता. २०१९ मध्ये डेमोक्रॅट्सनी पहिल्या चर्चेसाठी तीन चाचण्यांत १ टक्का किंवा ६५,००० देणगीदार अशी अट घातली. हजार जणांच्या चाचणीत एका पक्षाचे मतदार चारशेच्या आसपास निघतात. त्यांचा १ टक्का म्हणजे चार माणसे.

हे अध्यक्षपदापुरते नाही. बेळगावात वाढलेले, मराठी आत्मचरित्रामुळे आपल्याकडे परिचित असलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. स्वतःचे लाखो डॉलर जाहिरातींत ओतल्यावर सुरुवातीच्या काही चाचण्यांत त्यांचे नाव वर दिसू लागले. ऑगस्टमध्ये ग्रेचेन व्हिटमर सहज जिंकल्या. ठाणेदार तिसरे आले. पुढे २०२२ मध्ये ते डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून गेले.

मतदानाला दोन दिवस उरल्यावरही सारे सुरळीत असते असे नाही. १ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी आयोवातल्या ‘डे मॉईन रजिस्टर’ या वृत्तपत्राची शेवटची चाचणी जाहीर व्हायची होती. सगळ्यात भरवशाची म्हणून तिची ख्याती. सीएनएनने तिच्यासाठी खास कार्यक्रम ठेवला होता. ऐन वेळी ती रद्द झाली. फोन आलेल्या एका मतदाराची तक्रार होती की वाचून दाखवलेल्या यादीत पीट बुटिजेज या उमेदवाराचे नाव नव्हते. फोन करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे मोठी केली होती आणि त्यात एक नाव खालून कापले गेले होते. ३ फेब्रुवारीला कॉकस झाले, निकाल कळवण्याचे ॲप नीट चालले नाही, निकाल लागायला काही दिवस गेले. डेलिगेटांच्या, म्हणजे अधिवेशनाला जाणाऱ्या प्रतिनिधींच्या, हिशेबात निसटते पुढे निघाले ते बुटिजेज. देशव्यापी चाचण्यांत जवळजवळ वर्षभर पहिले असलेले जो बायडेन आयोवात चौथे आले.