विद्यापीठ कशासाठी? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पूर्वी विद्यापीठे केवळ ज्ञानासाठी होती आणि नोकरीचा विचार अलीकडे शिरला, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. इटलीतील बोलोन्यात अकराव्या शतकाच्या अखेरीपासून विद्यार्थी जमू लागले ते कायदा शिकायला. तो शिकलेल्याला चर्चमध्ये आणि राजदरबारी जागा मिळे. पॅरिसमध्ये मात्र धर्मशास्त्राकडे वळण्याआधी बहुतेकांना व्याकरण, वक्तृत्व, तर्कशास्त्र, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र शिकावे लागे. आधी विचाराची मशागत, मग व्यवसाय. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

वाद खरा पेटला तो फ्रेंच राज्यक्रांतीनंतर. फ्रान्सने 1793 मध्ये जुनी विद्यापीठे मोडीत काढली आणि पुढच्याच वर्षी अभियंते घडवणारी एकोल पॉलिटेक्निक उभी केली. प्रशिया या जर्मन राज्याने उलट वाट धरली. 1806 मध्ये नेपोलियनकडून दारुण पराभव झाला होता, पाठोपाठ हाले येथील विद्यापीठही हातचे गेले होते. तिजोरीत खडखडाट असताना या राज्याने 1810 मध्ये बर्लिनला नवे विद्यापीठ सुरू केले. त्यामागे असलेल्या विल्हेल्म फोन हुम्बोल्ट या प्रशियाच्या शिक्षण अधिकाऱ्याचे म्हणणे असे, की माणूस आधी चांगला, सुजाण माणूस आणि नागरिक झाला, तरच तो चांगला कारागीर, व्यापारी किंवा सैनिक होईल. शिवाय विद्यापीठात शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही न सुटलेल्या प्रश्नांपुढे बसलेले असावेत. हरलेल्या राज्याने फक्त सैनिक आणि कारकून मागितले नाहीत, याचे मला आजही अप्रूप वाटते.

इंग्रज धर्मगुरू जॉन हेन्री न्यूमनने 1852 मध्ये डब्लिनच्या व्याख्यानांत ज्ञान हेच ज्ञानाचे साध्य मानले. संशोधन मात्र त्याच्या मते विद्यापीठांचे नव्हे, तर अकादमींचे, म्हणजे विद्वानांच्या संस्थांचे काम होते. म्हणजे नोकरीपलीकडच्या शिक्षणाचे कैवारीही आपसांत एकमताचे नव्हते.

ब्रिटनच्या रॉबिन्स समितीने 1963 मध्ये उच्च शिक्षणाची चार उद्दिष्टे मांडली. त्यांत कामाची कौशल्ये पहिली होती. ती सर्वांत महत्त्वाची म्हणून नव्हे, तर कधी कधी दुर्लक्षिली जातात म्हणून, असे समितीनेच स्पष्ट केले. उरलेली तीन: बुद्धीची सर्वसाधारण शक्ती वाढवणे, ज्ञानात भर घालणे आणि सामायिक संस्कृती व नागरिकत्व पुढे नेणे.

2015 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या अर्थसंकल्पाच्या मसुद्यात विद्यापीठाच्या ध्येयवाक्यातून ‘सत्याचा शोध’ वगळून राज्याच्या मनुष्यबळाची गरज भागवण्याचे उद्दिष्ट घातले गेले. प्रचंड विरोध झाला, बदल मागे घ्यावा लागला आणि जुने शब्द कायद्यात राहिले.