स्वँक डाएट आणि वॉल्स डाएट: एमएसवाल्यांनी दोन्हीची खिचडी का करू नये

घरात कुणाला एमएस निघाला, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार), की औषधाची पहिली स्ट्रिप संपायच्या आत व्हॉट्सॲपवर "एमएस डाएट" नावाच्या पीडीएफ यायला लागतात. एक येते त्यात तूप-लोणी-नारळ बंद असतं, दुसरी येते त्यात गहू-दूध-अंडी बंद असतं, आणि पाठवणाऱ्याला ते दोन वेगळे प्रकार आहेत हे माहीतच नसतं. मग आपण काय करतो, तर सेफ साइड म्हणून दोन्हीकडचं "बंद" तेवढं उचलतो. माझ्या मामेबहिणीने हेच केलं होतं. ती रत्नागिरीची, तिशीतली, फ्रिजवर यादी चिकटवलेली, त्यात दूध, दही, तूप, खोबरं, चपाती, डाळ, अंडं, मटण सगळ्यावर काट. उरलं काय, तर भात, पालेभाजी आणि मासे, आणि मासे पण सोमवार-गुरुवार-शनिवार नाहीत, श्रावणात तर महिनाभर नाहीत. वजन उतरलं, पाय आधीच जड वाटायचे ते अजून जड वाटायला लागले, आणि फोनवर म्हणाली, "दादा, आता खाऊ तरी काय?"

तर हे दोन डाएट आधी वेगळे करू.

पहिलं स्वँक डाएट, हे जुनं. रॉय स्वँक हे न्यूरोलॉजिस्ट, १९४०च्या दशकाच्या शेवटी कॅनडात माँट्रियलला काम करायचे. त्यांना नॉर्वेच्या आकडेवारीत एक गोष्ट दिसली, की किनाऱ्यावर मासे खाणाऱ्या लोकांत एमएस कमी आणि आतल्या भागात, जिथे दूध-लोणी-मांस जास्त, तिथे एमएस जास्त. त्यावरून त्यांनी धरलं की दोष सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे जी चरबी साधारण थंडीत गोठते ती, तूप, लोणी, साय, मटणाची चरबी, खोबरेल. पेशंटना त्यांनी ही चरबी दिवसाला २० ग्रॅमच्या आत ठेवायला लावली, पुढे मर्यादा १५ ग्रॅमवर आणली. (नंतरच्या लोकांनी असंही म्हटलं की किनाऱ्यावरचा फरक माशांतून मिळणाऱ्या डी व्हिटॅमिनचा असू शकेल. आणि ते मला तरी पटण्यासारखं वाटतं.)

दुसरं वॉल्स डाएट, हे अलीकडचं. टेरी वॉल्स या अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉक्टर, त्यांना स्वतःलाच २००० साली एमएसचं निदान झालं, काही वर्षांत व्हीलचेअर आली, आणि २००७च्या शेवटी त्यांनी खाणं पूर्ण बदललं. वर्षभरात त्या सायकल चालवायला लागल्या. २०११ मध्ये त्यांनी टेडेक्स या भाषणांच्या कार्यक्रमात भाषण दिलं आणि ते जगभर पसरलं, आपल्याकडे ज्या पीडीएफ फिरतात त्यातल्या बऱ्याच तिथूनच निघालेल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की पेशींना, खास करून मेंदूतल्या पेशींना लागणारं पोषण भरभरून द्यायचं आणि ज्यामुळे शरीरात दाह वाढू शकतो असं त्यांना वाटतं ते काढून टाकायचं. रोज ९ कप भाज्या-फळं, त्यात ३ कप पालेभाज्या, ३ कप गंधकवाल्या भाज्या म्हणजे कोबी, फ्लॉवर, मुळा, कांदा, लसूण यांचं खानदान, आणि ३ कप गडद रंगाचं, गाजर, बीट, भोपळा, जांभूळ वगैरे. सोबत मांस, मासे, लिव्हरसुद्धा. बंद काय, तर ग्लूटेन म्हणजे गहू आणि त्याचे भाऊबंद, दूध आणि दुधाचं सगळं, आणि अंडी. पुढच्या कडक पायऱ्यांवर सगळीच धान्यं आणि डाळी पण कमी कमी होत जातात.

पण एक लक्षात घ्या, वॉल्सबाईंनी खाण्याबरोबर स्नायूंना विजेचं स्टिम्युलेशन आणि व्यायाम पण जोरात सुरू केला होता. फॉरवर्डमध्ये हा भाग हमखास गळालेला असतो.

आता स्वयंपाकघरात उभं राहून बघू, कारण कागदावर दोन्ही "हेल्दी" वाटतात आणि भांडण ताटातच कळतं. नारळ घ्या. ओल्या नारळाच्या १०० ग्रॅम खवात साधारण ३० ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट असतं, म्हणजे आमटीला आणि चटणीला मिळून ३० ग्रॅम खव गेला की ९ ग्रॅम तिथेच झाले. चहाचं आणि रात्रीचं मिळून पाव लिटर फुल क्रीम दूध, ६ टक्क्यांचं, म्हणजे १५ ग्रॅम फॅट आणि त्यातलं ९-१० ग्रॅम सॅच्युरेटेड. भातावर चहाचा चमचाभर तूप, ३ ग्रॅम. फोडणीला दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल, अजून ५. बेरीज करा, २६ च्या वर गेली, आणि यात ना बिस्किट ना खारी ना शेव. स्वँकची मर्यादा १५. म्हणजे कोकणातलं साधं घरगुती जेवण, ज्याला कुणी चमचमीत म्हणणार नाही, ते स्वँकच्या हिशोबात सरळ नापास. आणि घरात खोबरेल तेलात स्वयंपाक असेल तर विचारूच नका, एका मोठ्या चमच्यातच १२ ग्रॅमच्या आसपास.

याच नारळाला वॉल्सकडे मात्र मान आहे, त्यांच्या सगळ्यात कडक पायरीवर तर नारळाचं दूध आणि खोबरेल हेच मुख्य इंधन. सोलकढी तिथे चालते, स्वँककडे नाही. उलट चपाती. स्वँकला गव्हाचं काही वाकडं नाही, चपाती, भाकरी, डाळ-उसळ सगळं खा, वॉल्सकडे चपाती पहिल्याच दिवशी बाद. दुधाचंही तसंच, स्वँक म्हणतात फॅट काढा आणि प्या, १ टक्का किंवा त्याहून कमीचं (आपल्या पिशव्यांत स्किम्ड बसतं, डबल टोन्ड दीड टक्क्याचं असतं म्हणून जरा काठावर), वॉल्स म्हणतात दूध मुळात नकोच, फॅट असो नसो. मटण, स्वँककडे पहिलं वर्षभर लाल मांस बंद आणि नंतरही अगदी थोडं, वॉल्सकडे आग्रहाने वाढतात.

म्हणजे बघा ना, एकाने ज्याला विष म्हटलंय ते दुसऱ्याने पानात वाढलंय. त्यामुळे दोन्हीच्या "बंद" याद्या जोडल्या की प्रोटीनची बहुतेक दारं लागतात. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) हिशोब रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीनचा आहे, ५० किलोच्या बाईला चाळीसच्या वर ग्रॅम लागतात, ते मासे नसतील त्या दिवशी भात आणि पालेभाजीतून येणार कुठून? स्वँक डाळ-उसळ-कमी फॅटचं दूध ठेवतात म्हणून तिथे भागतं, वॉल्स मांस-मासे ठेवतात म्हणून तिथे भागतं. खिचडी केली की कुठेच भागत नाही. शाकाहारी घरात तर अजून अवघड, दूध गेलं की बी-१२ चा घरातला शेवटचा आधार गेला, आणि बी-१२ कमी पडलं की हातापायाला मुंग्या, तोल जाणं, थकवा, म्हणजे अगदी एमएससारखीच लक्षणं. मग एमएस वाढला की पोट उपाशी, कळायला मार्ग नाही. वॉल्सनी शाकाहाऱ्यांना डाळी आणि ग्लूटेन नसलेली धान्यं खायची सवलत दिलेली आहे, पण पीडीएफमध्ये तेवढं पान कुणी टाकत नाही.

अजून एक घोळ तेलाचा. स्वँक डाएट म्हणजे "बिनतेलाचं" असं बरेच जण धरून चालतात आणि उकडलेलं खायला लागतात. तसं नाहीये. स्वँकनी तेल उलट ठरवून द्यायला सांगितलंय, दिवसाला २० ते ५० ग्रॅम, फक्त पातळ राहणारं वनस्पतींचं, आणि वर कॉड लिव्हर ऑइल. बिनतेलाचा प्रकार तिसराच, मॅकडुगल नावाचा, त्यावर २०१६ मध्ये ६१ जणांचा वर्षभराचा अभ्यास आला होता, त्यात एमआरआयमध्ये काही फरक दिसला नाही, थकवा थोडा कमी झाला आणि वजन उतरलं.

आता पुरावा कुणाकडे जास्त, हा प्रश्न येणारच. स्वँकनी १४४ पेशंट ३४ वर्षं बघितले, १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापलं, आणि ज्यांनी चरबी कमी ठेवली ते बरेच बरे राहिले असं त्यात आहे. ऐकायला जबरदस्त वाटतं, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि ज्याची तब्येत ढासळते त्याचं पथ्यही सुटतंच ना, मग पथ्य सुटलं म्हणून ढासळली की ढासळली म्हणून सुटलं, कसं ओळखणार? दोन्ही डाएट समोरासमोर ठेवायचं काम आयोवा विद्यापीठातच झालं, खुद्द वॉल्सच्या टीमने केलं, २०२१ मध्ये छापून आलं, रिलॅप्सिंग-रिमिटिंग (मधूनमधून ॲटॅक येतो, मग बरं वाटतं अशा) प्रकारचा एमएस असलेल्या ७७ जणांचे आकडे त्यात हिशोबात धरलेत. दोन्ही गटांत थकवा कमी झाला. पण नेहमीसारखं जेवणारा तिसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे फरक त्या विशिष्ट डाएटचा की नुसता बाहेरचं-पॅकेटमधलं बंद करून घरी नीट जेवायला लागल्याचा, हे त्यातून ठरत नाही. माझं मत विचाराल तर दुसऱ्याचा वाटा मोठा असावा. आणि रोग थांबवायचं काम यातलं कुठलंही डाएट करतं असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे इंजेक्शन किंवा गोळी बंद करून "आता डाएटवर कंट्रोल करतो" असं कुणी म्हणत असेल तर त्याला प्लीज अडवा. एमएसमध्ये मेंदूत आतल्या आत नवीन डाग पडत राहतात आणि माणसाला वरून काही जाणवत नाही, मग जे गेलं ते सगळं परत येतंच असं नाही.

दोघांचं जमतं कुठे ते पण सांगतो, कारण खरी कामाची जागा तीच आहे. भाज्या भरपूर, मासे हवेत, डालडा-बेकरी-तळलेलं पॅकेट नको, साखर कमी. यात भांडण नाहीच. बहिणीला मी म्हटलं की तू यादी फाड आणि एकच काहीतरी धर. डाएटिशियनकडे गेली, तिथे ठरलं ते बरंचसं स्वँकच्या अंगाने, कारण चपाती आणि डाळ सुटली की घरातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळा स्वयंपाक करावा लागतो, आणि एमएसच्या थकव्यात दोन स्वयंपाक कोण करणार, गॅससमोर उभं राहून अंग तापलं की नजर धूसर होते ती वेगळीच. (अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढणं हा एमएसमधला नेहमीचा प्रकार आहे, तो नवीन ॲटॅक नसतो.) त्यामुळे तिचं कुकर लावणं, चिरणं सगळं सकाळी लवकर आणि स्टुलावर बसून. दूध स्किम्डवर आलं, खोबरं रोजचं होतं ते रविवारपुरतं राहिलं, बंगडा आहेच, तिरफळं घालून त्याचं तिखलं खोबऱ्याशिवाय मस्त होतं. वॉल्सकडून घेतल्या त्या भाज्या, पण ९ कप बिप नाही, दोन्ही जेवणांत ताटाचा अर्धा भाग इतकंच. ज्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांनी पालक-चुका रोज ढीगभर खाण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तरी विचारा, पालेभाजी अचानक वाढवली की तिचा डोस बिघडतो.

या दोन्ही चार्टमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे पोट साफ न होणं. एमएसमध्ये हा त्रास खूप जणांना असतो आणि लाजेपायी कुणी बोलत नाही. त्यात लघवीला सारखं पळावं लागतं म्हणून लोक पाणी पिणंच कमी करतात, मग बद्धकोष्ठ वाढतं आणि युरिन इन्फेक्शन होतं ते वेगळं, आणि इन्फेक्शनचा ताप चढला की पाय आणखी लुळे. पाणी दिवसा नीट प्यायचं आणि झोपायच्या दोनेक तास आधी आवरतं घ्यायचं. भाज्या एकदम वाढवल्या आणि पाणी तेवढंच ठेवलं तर पोट अजून घट्ट होतं, हे पण बघा. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र डाएट वगैरे बाजूला ठेवून आधी स्पीच थेरपिस्टला दाखवायचं, पातळ पदार्थ कसे घट्ट करायचे ते तेच शिकवतात.

औषधाचं म्हणाल तर डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचं औषध चालू असेल तर ती कॅप्सूल रिकाम्या पोटी नको, थोडं प्रोटीन आणि फॅट असलेलं खाऊन घेतली की पोटाचा त्रास बराच कमी होतो. आणि ॲटॅकसाठी स्टिरॉइडचे सलाइन लागले की त्या तीन-पाच दिवसांत साखर वर जाते, भूक पण वखवखल्यासारखी लागते, तेव्हा गोड आणि खारट आवरा आणि डायबेटिस असेल तर शुगर घरी तपासत राहा. डी आणि बी-१२ ची तपासणी डाएट सुरू करायच्या आधी करून ठेवलेली बरी, म्हणजे तीन महिन्यांनी परत केली की तुलना करायला काहीतरी हातात असतं, आणि वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी.